ड्रोनच्या बॅटऱ्या विमानातून नेताना: नाशिकहून निघण्यापासून परत येईपर्यंतची क्रमवार तयारी

लग्नाचं शूटिंग, जमिनीची मोजणी, द्राक्षबागेची फवारणी, अशा कामांसाठी नाशिकमधले बरेच ड्रोनवाले आता ओझरहून किंवा मुंबईहून विमानाने बाहेरगावी जातात. विमानतळावर अडतं ते बहुतेक वेळा ड्रोन नाही, बॅटरी. कोणी बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकतो, कोणाच्या बॅटरीवरचे आकडे पुसलेले असतात, कोणी फवारणीच्या ड्रोनची अवजड बॅटरी घेऊन थेट काउंटरवर उभा राहतो. मग बॅटरी तिथेच सोडावी लागते किंवा विमान चुकतं. दोन्हींत दुसऱ्या दिवशीचं काम बुडतं.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. विशेषतः पहिले तीन टप्पे प्रवासाच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका. तेवढ्या वेळात ते होत नाहीत.

१. प्रत्येक बॅटरीचे वॅट-अवर काढा (प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी)

विमानात बॅटरी चालेल की नाही, हे तिच्या वजनावरून किंवा आकारावरून ठरत नाही. ते वॅट-अवरवरून ठरतं. हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. नसेल तर असा काढा:

व्होल्ट × एमएएच ÷ १००० = वॅट-अवर

व्होल्टचा आकडा बॅटरीवर लिहिलेला नेहमीचा घ्यायचा, पूर्ण चार्ज झाल्यावरचा नाही. साध्या लायपोत (लिथियम-पॉलिमर बॅटरीत) एका सेलचे ३.७ व्होल्ट धरतात, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीचे २२.२. चार्जर पूर्ण चार्जला २५.२ दाखवतो. तो आकडा धरून हिशेब केला तर बॅटरी उगाच मर्यादेबाहेर दिसते.

मर्यादा अशा आहेत:

- १०० वॅट-अवरपर्यंत: केबिन बॅगेत नेता येते, वेगळी परवानगी लागत नाही.
- १०० च्या वर ते १६० पर्यंत: विमान कंपनीची आधी परवानगी हवी. सुट्या बॅटऱ्या एका माणसामागे जास्तीत जास्त दोन.
- १६० च्या वर: प्रवाशाच्या सामानातून जात नाही. केबिनमध्ये नाही, चेक-इनमध्येही नाही.

सुट्या बॅटऱ्यांची एकूण संख्या आंतरराष्ट्रीय नियमांत साधारणपणे माणशी २० पर्यंत धरली आहे, आणि त्यात मोबाइलच्या पॉवरबँका, कॅमेऱ्याच्या आणि तो स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या बॅटऱ्याही येतात. काही कंपन्या याहून कमी आकडा ठेवतात, तेव्हा आपल्या कंपनीचा आकडा बघूनच बॅग भरा.

नेहमी वापरात असलेल्या बॅटऱ्यांचे वॅट-अवर (डीजेआय ही ड्रोन बनवणारी कंपनी):

- डीजेआय मिनी ४ प्रो, साधी बॅटरी: १८.९६
- डीजेआय एअर ३: ६२.६
- डीजेआय मॅव्हिक ३: ७७
- डीजेआय इन्स्पायर २ (टीबी५०): ९७.५८
- डीजेआय मॅट्रिस ३० (टीबी३०): १३१.६
- डीजेआय मॅट्रिस ३५० (टीबी६५): २६३.२

म्हणजे लग्नाच्या आणि जाहिरातीच्या कामातले बहुतेक ड्रोन पहिल्या गटात आरामात बसतात. अडचण येते स्वतः जोडलेल्या ड्रोनवाल्यांना आणि मोजणीवाल्यांना. सहा सेलची ४५०० एमएएचची बॅटरी ९९.९ वॅट-अवर भरते, म्हणजे जेमतेम आत. तीच ५००० एमएएचची घेतली की १११ होतात आणि परवानगी लागते. ७००० एमएएचला १५५.४, ८००० ला १७७.६, म्हणजे थेट बाद. नुसतं बाहेरून बघून हा फरक कळत नाही. फवारणीच्या ड्रोनची सहा सेलची १६,००० एमएएचची बॅटरी ३५५ वॅट-अवरची आणि २२,००० ची ४८८ ची. त्यांचा विमानात विचारच करू नका.

आणखी एक गल्लत: दोन बॅटऱ्या एकमेकींना तारेने जोडून एकच पॅक केला असेल तर तो एकच बॅटरी म्हणून मोजला जातो आणि दोघींचे वॅट-अवर एकत्र धरले जातात. नेताना त्या सोडवून वेगळ्या करा.

पडताळा: प्रत्येक बॅटरीवर व्होल्ट आणि एमएएच किंवा वॅट-अवर स्पष्ट वाचता येतात का? उन्हात आणि हातात राहून लेबल पुसट झालं असेल तर ती बॅटरी घरी ठेवा. स्केचपेनने स्वतः आकडा लिहून तपासणीत भागेलच असं नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला खात्री पटली नाही तर तो बॅटरी थांबवतो आणि त्या क्षणी वाद घालून काही मिळत नाही.

२. मर्यादेत न बसणाऱ्या बॅटऱ्यांची वेगळी सोय लावा

१६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी असेल तर तीन रस्ते उरतात.

पहिला आणि बहुतेक वेळा शहाणपणाचा: जिथे काम आहे तिथे बॅटरी भाड्याने घ्या किंवा काम देणाऱ्याला तिथे सोय करायला सांगा. ड्रोन तुमचा, बॅटरी तिथली. पण कनेक्टर जुळतो का, हे फोटो मागवून आधीच बघा. एक्सटी९० च्या ड्रोनला एएस१५० ची बॅटरी लागत नाही, आणि परगावी रात्री सोल्डरिंग करत बसणं धोक्याचं.

दुसरा: रस्त्याने पाठवा. द्वारका आणि आडगाव भागात ट्रान्सपोर्टची कार्यालयं आहेत. तिथे 'लिथियम बॅटरी' असं स्पष्ट सांगून, माल रस्त्यानेच जाईल हे बिल्टीवर लिहून घेऊन पाठवता येतं. पोचायला किती दिवस लागतील ते विचारून त्यात दोन दिवस वाढवून धरा.

तिसरा: विमानाच्या मालवाहतुकीतून, धोकादायक माल म्हणून. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांच्या मालातून नेण्यास मनाई आहे. त्या फक्त मालवाहू विमानातून जातात आणि चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा लागतो. खोकं, लेबल, कागदपत्रं, सगळं या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या एजंटकडूनच करून घ्यावं लागतं. एकदोन बॅटऱ्यांसाठी हा खर्च सहसा परवडत नाही.

सावधान: कुरिअरच्या पावतीवर 'इलेक्ट्रॉनिक सामान' किंवा 'स्पेअर पार्ट' असं लिहून बॅटरी पाठवू नका. ते पार्सल विमानात चढू शकतं. आग लागली तर ती हवेत लागते, आणि जबाबदारी पाठवणाऱ्याची.

३. विमान कंपनीकडून लेखी उत्तर घ्या

सगळ्या बॅटऱ्या १०० च्या आत असतील तर परवानगीची गरज नाही, तरी कंपनीच्या संकेतस्थळावरचं धोकादायक वस्तूंचं पान एकदा वाचा. ड्रोन केबिनमध्ये चालतो की फक्त चेक-इनमध्ये, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. अनेक ठिकाणी ड्रोन चेक-इनमध्ये आणि बॅटऱ्या केबिनमध्ये, अशी विभागणी मागतात.

१०० ते १६० मधली बॅटरी असेल तर ग्राहकसेवेला ईमेल करा. फोनवर 'हो, चालेल' असं म्हटलेलं काउंटरवर दाखवता येत नाही. ईमेलमध्ये एवढं लिहा: पीएनआर, प्रवाशाचं नाव, बॅटरीचं मॉडेल, व्होल्ट, एमएएच, वॅट-अवर, नग किती, आणि त्या केबिन बॅगेत टर्मिनल (बॅटरीची वीज देणारी टोकं) झाकून नेणार आहात हे. सोबत लेबलचा स्पष्ट फोटो जोडा. उत्तराला दोनतीन दिवस लागू शकतात, म्हणूनच आठवडाभर आधी सुरुवात करायची.

नाशिकहून दिल्ली आणि तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचं विमान असेल तर दोन्ही कंपन्यांचे नियम बघा आणि जो कडक असेल तो पाळा. तिकिटावर नाव एकीचं आणि विमान दुसरीचं असेल तर प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा नियम लागतो.

मॅट्रिस ३० नेणाऱ्यांनी हिशेब नीट करावा. माणशी दोनच सुट्या बॅटऱ्या, आणि ड्रोन उडायलाच दोन लागतात. चार हव्या असतील तर टीममधल्या दोघांच्या नावावर वेगवेगळी परवानगी घ्या. आपल्या बॅटऱ्या दुसऱ्याच्या बॅगेत द्यायच्या असतील तर त्या माणसाला त्यांचे आकडे माहीत हवेत. तपासणीत प्रश्न त्याला विचारला जाणार आहे.

४. खराब बॅटरी बाजूला काढा

फुगलेली, वाकलेली, कापलेली, पडून चेपलेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानात नेता येत नाही. याला अपवाद नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. बॅटरी सपाट काचेवर किंवा ओट्यावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. ती हलली, डुगडुगली तर ती फुगली आहे. दोन्ही बाजूंनी बघा. डीजेआयसारख्या कवचातल्या बॅटरीचं कवच सांध्यावर उघडलंय का, ती ड्रोनमध्ये नेहमीपेक्षा घट्ट जातेय का, हे बघा. लायपो पॅकवर गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास येत असेल तर आतून गळती आहे.

मग चार्जरवर किंवा अ‍ॅपमध्ये प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. बॅटरी तासभर निवांत पडलेली असताना सेलांमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक कायम राहत असेल तर ती परगावच्या कामाला नेऊ नका. आज चालेल, पण हवेत अचानक पडण्याची शक्यता त्याच बॅटरीची सगळ्यात जास्त.

सावधान: बाद झालेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत दाबली गेली की पेट घेते आणि त्यावर काम करणारी माणसं भाजतात. ती धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला 'लिथियम' असं सांगून द्या.

५. साफ करा, मगच पॅक करा

हा टप्पा नाशिककरांनी वगळू नये. बागेवर काम केलेल्या ड्रोनवर, बॅटरीच्या कवचावर आणि बॅगेच्या शिवणीत खत आणि औषधाचे कण बसलेले असतात. विमानतळावर सामानावरून कापडी पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश तपासले जातात. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे बागायतदारांचं तेरा-शून्य-पंचेचाळीस, किंवा कॅल्शियम नायट्रेट अशी खतं बॅगेवर असतील तर ते यंत्र इशारा देऊ शकतं. मग बॅग पूर्ण उघडली जाते, चौकशी होते आणि वेळ हातातून जातो.

म्हणून बागेत वापरलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. ड्रोन आणि बॅटऱ्यांची कवचं किंचित ओल्या, पिळलेल्या मऊ कापडाने पुसा आणि नंतर कोरड्या कापडाने. बॅटरीच्या टर्मिनलला पाणी लावायचं नाही. तिथे आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. फवारणीची टाकी, नळ्या, नोझल यांत औषधाचा थेंब उरला असेल तर ते विषारी पदार्थ म्हणून अडतं. स्वच्छ धुऊन, पूर्ण सुकवूनही वास येत असेल तर तो भाग रस्त्याने पाठवा.

६. चार्ज खाली आणा (आदल्या दिवशी दुपारपर्यंत)

बॅटरीत जेवढी ऊर्जा कमी, तेवढी बिघाड झाल्यास आग कमी. डीजेआयच्या पुस्तिकांतही वाहतुकीसाठी ३० टक्के किंवा त्याहून कमी चार्ज ठेवायला सांगितलं आहे. तपासणीला कोणी टक्केवारी मोजत नाही म्हणून लोक हा टप्पा टाळतात. टाळू नका.

- डीजेआयसारख्या बॅटऱ्या: २० ते ३० टक्के. एक दिवा पेटता असणं म्हणजे साधारण तेवढंच.
- लायपो: सेलमागे ३.७५ ते ३.८ व्होल्ट. ३.५ च्या खाली नेऊ नका. आठ दिवस तशीच पडली तर ती आणखी उतरून खराब होते.

लोक म्हणतात, डीजेआयची बॅटरी आपोआप उतरते. उतरते, पण त्याला काही दिवस लागतात आणि ती ६० टक्क्यांच्या आसपास थांबते. त्यावर विसंबू नका.

चार्जरच्या डिस्चार्ज मोडला फार वेळ लागतो, हे आधीच हिशेबात धरा. ७७ वॅट-अवरची बॅटरी १०० वरून ३० टक्क्यांवर आणायची म्हणजे ५४ वॅट-अवर काढायचे. चार्जर १० वॅटने उतरवत असेल तर एका बॅटरीला साडेपाच तास. तीन बॅटऱ्या असतील तर अख्खा दिवस जातो. ड्रोन उडवून उतरवणं जलद, पण कुठे उडवताय ते बघा. ओझरला विमानतळ आणि एचएएल, देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराचं हवाई केंद्र, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमची जागा हिरव्या, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या पट्ट्यात आहे ना ते तपासा, आणि मगच मोकळ्या जागी कमी उंचीवर घिरट्या घालून बॅटरी उतरवा.

७. टर्मिनल झाका आणि एकेक वेगळी ठेवा

विमानात बॅटरी पेटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शॉर्टसर्किट. बॅगेत किल्ली, नाणं, प्रोपेलरचा स्क्रू किंवा स्क्रूड्रायव्हर टर्मिनलला लागतो आणि क्षणात शेकडो अँपिअर वाहतात.

लायपोचं काम असं करा:

१. मुख्य कनेक्टरवर प्लास्टिकची टोपी बसवा. टोपी नसेल तर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे.

२. बॅलन्स तारेचा पांढरा कनेक्टरही झाका. हा सगळ्यात जास्त विसरला जातो. त्याच्या पिना बारीक असल्या तरी प्रत्येकीमागे एक सेल आहे.

३. दोन्ही तारा बॅटरीला समांतर वळवून रबराने किंवा वेल्क्रोने बांधा. तार ताणून, घडी पाडून दाबू नका.

४. प्रत्येक बॅटरी वेगळ्या झिपच्या पिशवीत किंवा अग्निरोधक पिशवीत ठेवा. एका पिशवीत चार कोंबल्या तर झाकण्याला अर्थ राहत नाही.

डीजेआयसारख्या बॅटरीला सोबत आलेली टोपी लावा. टेप लावणार असाल तर चिकट बाजू थेट संपर्कांवर येऊ देऊ नका. डिंक आत उतरतो, उन्हात पातळ होतो आणि ड्रोन मध्येच बॅटरी ओळखेनासा होतो. आधी जाड कागदाची पट्टी, तिच्यावर टेप. टोप्या, टेप, अग्निरोधक पिशव्या एम. जी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. ऑनलाइनचं सामान वेळेत येईल अशी आशा धरू नका, आधी मागवा.

अग्निरोधक पिशवी चांगली, पण तिच्यात ठेवलं म्हणून १६० च्या वरची बॅटरी चालत नाही, आणि टर्मिनल उघडं ठेवलेलंही चालत नाही.

पडताळा: पिशवी हातात घेऊन हलवा. आत धातूला धातू लागल्याचा आवाज येता कामा नये.

८. काय कुठे जाणार ते ठरवा

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँका फक्त केबिन बॅगेत. हा नियम प्रत्येक कंपनीत सारखा आहे. केबिनमध्ये आग लागली तर कर्मचाऱ्यांना ती दिसते आणि हात पोचतो. सामानाच्या पोटात लागली तर पोचत नाही.

ड्रोनमधली बॅटरी काढूनच ठेवा, ड्रोन केबिनमध्ये असला तरी. दाबाने बटण लागून ड्रोन चालू होतो, आतल्या आत तापतो. काढलेली बॅटरी सुटी म्हणून मोजा आणि झाका.

चार्जिंग हबचा घोळ नेहमी होतो. मिनी मालिकेच्या हबमध्ये तीन बॅटऱ्या बसवल्या की तो पॉवरबँकेसारखा वीज देतो. क्ष-किरण यंत्रात तो एकच मोठा गोळा दिसतो आणि बॅग उघडायला सांगतात. बॅटऱ्या हबमधून काढा. रिकामा हब चेक-इनमध्ये गेला तरी चालतो.

रिमोट, एफपीव्ही गॉगल (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य दाखवणारा चष्मा) आणि मोजणीच्या बेस स्टेशनच्या आत बॅटरी असते. ते पूर्ण बंद करून केबिनमध्ये ठेवा. नुसतं झोपेच्या मोडवर ठेवलेलं यंत्र बंद धरत नाहीत.

चेक-इनला काय टाकाल: बॅटरी काढलेला ड्रोन (कंपनीने तसं सांगितलं असेल तर, फोमच्या कडक पेटीत), प्रोपेलर, चार्जर, तारा, ट्रायपॉड, स्क्रूड्रायव्हर, कटर. अवजारं केबिनमध्ये घेतली तर ती तपासणीतच राहतात.

वजन मोजा. देशांतर्गत प्रवासात केबिन बॅगेला सहसा ७ किलो मिळतात. मॅव्हिक ३ ची एक बॅटरी सुमारे ३३५ ग्रॅमची, म्हणजे सहा बॅटऱ्याच दोन किलो झाल्या. त्यात रिमोट, कॅमेरा, लॅपटॉप आले की बॅग सातच्या वर जाते. मग काउंटरवर 'ही चेक-इनला द्या' म्हणतात आणि बॅटऱ्या त्याच बॅगेत असतात.

९. कागद

प्रिंट काढून घ्या. फोनची बॅटरी संपलेली असते तेव्हाच कागद मागतात.

- विमान कंपनीचं परवानगीचं ईमेल (१०० ते १६० असेल तर)
- बॅटरी मॉडेल, वॅट-अवर आणि नग यांची एका पानाची यादी
- ड्रोनचा यूआयएन (सरकारी नोंदणी क्रमांक) आणि लागत असेल तिथे पायलट प्रमाणपत्र
- खरेदीचं बिल

परदेशी जाताना एक जास्तीचं काम आहे. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने भारतात तयार ड्रोनची आयात, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून, बंद केली आहे. तुमचाच ड्रोन परत आणताना तो बाहेरून विकत आणला असं समजलं जाऊ नये म्हणून निघतानाच सीमाशुल्क काउंटरवर ड्रोनचा अनुक्रमांक नोंदवून प्रमाणपत्र घ्या. बॅग चेक-इनला दिल्यावर हे होत नाही. इजिप्त, मोरोक्को अशा काही देशांत प्रवाशाचा ड्रोन विमानतळावरच ठेवून घेतात, तेव्हा त्या देशाचा नियम तिकीट काढण्याआधी बघा.

१०. घर ते विमानतळ

ओझर शहरापासून जवळ आहे, पण मुंबईचं विमान असेल तर कसारा घाट धरून पाचेक तास लागू शकतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत बॅटऱ्या ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान बॅटरीला सोसेल त्याच्या पलीकडे जातं. जेवायला थांबलात तर बॅग सोबत उतरवा.

११. तपासणी

बॅटऱ्यांच्या पिशव्या केबिन बॅगेत सगळ्यात वर ठेवा. तपासणीच्या ट्रेमध्ये लॅपटॉपसारख्याच त्या बाहेर काढा, आणि विचारण्याआधी सांगा: "ड्रोनच्या बॅटऱ्या आहेत, सुट्या, टर्मिनल झाकलेले." यादीचा कागद वर ठेवा. अधिकाऱ्याने टेप काढून लेबल दाखवायला सांगितलं तर काढा, आणि पुढे जाऊन लगेच परत लावा. म्हणून टेपचा छोटा रोल बाहेरच्या खिशात हवा.

चेक-इन बॅगेत चुकून एखादी बॅटरी राहिली असेल तर क्ष-किरणात ती दिसते आणि तुमच्या नावाची घोषणा होते. तोवर तुम्ही गेटपाशी पोचलेले असता. परत जाऊन बॅग उघडण्यात विमान चुकू शकतं. बॅग काउंटरवर देण्याआधी तिचे सगळे कप्पे एकदा हाताने चाचपा, पाठीमागचा सपाट कप्पासुद्धा.

१२. गेटवर बॅग मागितली तर

सगळी तयारी नीट करूनही इथे चूक होते, म्हणून हे सविस्तर.

ओझरहून काही मार्गांवर एटीआरसारखी लहान विमानं उडत आली आहेत. त्यांचे डोक्यावरचे कप्पे आखूड असतात. भरलेल्या विमानात, मोठ्या जेटमध्येही, शेवटच्या प्रवाशांच्या केबिन बॅगा दारातच घेऊन खाली सामानात टाकतात. कर्मचारी घाईत असतात, बॅगेला चिठ्ठी लावतात आणि बॅग हातातून जाते. त्या क्षणी तुमच्या केबिन बॅगेची चेक-इन बॅग होते, बॅटऱ्यांसकट. हे नियमाविरुद्ध तर आहेच, पण धोकाही खरा आहे.

यावर उपाय पॅकिंगमध्येच आहे:

१. सगळ्या बॅटऱ्या आणि पॉवरबँका एकाच छोट्या पाऊचमध्ये ठेवा, आणि पाऊच केबिन बॅगेच्या वरच्या कप्प्यात. तो एका हाताने, दहा सेकंदांत बाहेर निघाला पाहिजे.

२. बॅग मागितली की आधी म्हणा, "यात लिथियम बॅटऱ्या आहेत, काढून देतो." कर्मचाऱ्यांनाही हेच अपेक्षित असतं, कोणी अडवत नाही.

३. रिमोट आणि गॉगलही काढा, जमलं नाही तर पूर्ण बंद असल्याची खात्री करा.

४. पाऊच पुढच्या सीटखाली ठेवा.

घरी एकदा ही कृती करून बघा. बॅग भरून ठेवा, मग पाऊच काढा. आधी जॅकेट, चार्जर, डबा उपसावा लागत असेल तर पॅकिंग चुकलं आहे.

१३. विमानात

बॅटऱ्या चार्ज करू नका, ड्रोन किंवा रिमोट चालू करू नका. पाऊच हाताशी, दिसेल असा ठेवा. त्यावर दुसऱ्याची जड बॅग आदळू शकेल अशा जागी नको.

बॅटरी गरम लागली, वास आला, फुगताना दिसली तर त्या क्षणी कर्मचाऱ्यांना बोलवा. लाजू नका, लपवू नका, स्वतः कप्पा बंद करू नका. त्यांना यासाठी प्रशिक्षण असतं आणि पहिली दोनतीन मिनिटंच महत्त्वाची असतात.

१४. पोचल्यावर, आणि परतीची तयारी त्याच दिवशी

उतरल्यावर टोप्या काढून फुगवटा परत तपासा. एसीतून आलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जला लावा. डीजेआयच्या बॅटऱ्यांना फर्मवेअर अपडेट मागितलं तर ते हॉटेलच्या वायफायवर आटोपा. डोंगरातल्या शेतात रेंज नसते.

परतीला गडबड होते, कारण शेवटच्या दिवशी काम संध्याकाळी संपतं आणि विमान पहाटेचं असतं. पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्या हातात उरतात आणि उतरवायला वेळ नसतो. म्हणून शेवटच्या दिवशी सगळ्या बॅटऱ्या सकाळी १०० टक्के करू नका. कामाला किती लागतील त्याच भरा, एक राखीव ठेवा, बाकीच्या आहेत तशा राहू द्या. राखीव उरलीच तर शेवटच्या उड्डाणात तीच वापरा आणि अर्धवट झालेली मागे ठेवा.

टोप्या आणि टेप येतानाच्या पिशवीतच परत ठेवा. कामाच्या जागी पडलेली दहा रुपयांची टोपी परतीच्या तपासणीत पाच हजारांची बॅटरी अडवते. बॅटरी कामात आपटली, ड्रोनसकट पडली किंवा पावसात भिजली असेल तर चौथा टप्पा परत करा. ती नेण्याजोगी राहिली नसेल तर तिथल्याच ई-कचरा केंद्रात द्या आणि यादीतला तिचा नग कापा, म्हणजे काउंटरवर यादी आणि पिशवी जुळेल.